लाल चौकटीतला नियम

गणितात पदवी घेतलेली सून आपल्या घरात आहे, हे सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या. प्रत्यक्षात वहिनी शाळेत पाचवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवायची. कॉलेजचं गणित मागे पडून नऊ वर्षं झाली होती. पण "मला आठवत नाही" एवढं म्हणायला तिची जीभ कधी रेटली नाही.

बारकी ही तिची धाकटी नणंद. रस्त्यावर तिवई लावून जमीन मोजणारी माणसं तिने एकदा पाहिली आणि भूमापनाच्या शिक्षणाचं वेडच घेतलं. प्रवेशपरीक्षा अवघड होती. आई म्हणाली, "एकदा बस. नाही झालं तर मुकाट्याने नोकरी धर." मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नणंद-भावजयीचा अभ्यास सुरू झाला.

महत्तम आणि लघुत्तम मूल्यांचं प्रकरण बारकीला मनापासून आवडायचं. चढउताराचा दर सांगणारा पहिला डेरिव्हेटिव्ह काढायचा, तो कुठे शून्य होतो ते बघायचं, मग दुसरा काढायचा. तो धन आला की तिथे लघुत्तम, म्हणजे तळ; ऋण आला की महत्तम, म्हणजे शिखर. भराभर गणितं सुटत होती. एका संध्याकाळी मात्र ती थबकली.

"वहिनी, एक्स वजा दोन, त्याचा चौथा घात. दोनपाशी दुसराही शून्यच येतोय. आता?"

वहिनीने कागद ओढून घेतला. दोनदा आकडेमोड केली, दोनदा खोडली. पलीकडे नवरा पेपर वाचत होता. तो हसून म्हणाला, "काय, बाईच अडल्या वाटतं!"

ते तिला झोंबलं. "अडायचं काय त्यात? दुसराही शून्य आला म्हणजे महत्तमही नाही, लघुत्तमही नाही. लिहून घे."

"पण दोनच्या अलीकडे किंमत धन येतेय, पलीकडेही धन, आणि मध्ये शून्य. म्हणजे हा तळच झाला ना?"

"जास्त शहाणपणा नको. नियम तो नियम."

बारकीने नियम लाल शाईने लिहिला आणि भोवती चौकट आखली.

चार दिवसांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत वहिनीने ग्रंथालयातलं जुनं पुस्तक काढलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य आला तर ही कसोटी काहीच सांगत नाही; दोन्ही बाजूंना काय होतंय ते तपासायचं. पोरीने नेमकं तेच केलं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत नऊ दिवस गेले. परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवताना बारकी म्हणाली, "वहिनीने शिकवलंय, मला कसली भीती?" वहिनीने तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

तसलंच गणित आलं, चार गुणांचं. प्रवेश हुकला तो तीन गुणांनी.

बारकी चष्म्याच्या दुकानात लागली. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, दुकानातही तिचा जम बसला. चौदा वर्षांनी वहिनीला चष्मा लागला, तेव्हा तिच्या नाकावर तपासणीची जड चौकट ठेवून बारकीच समोर उभी होती.

"शेवटची ओळ वाच बघू."

वहिनीला अक्षरं पुसट दिसत होती. एकदम तिच्या तोंडून निघून गेलं, "बारके, तुझी परीक्षा माझ्यामुळे गेली गं. तो नियम चुकीचा होता."

बारकी काच बदलता बदलता हसली. "अगं, ठाऊक आहे मला! परीक्षेहून आल्याआल्या पुस्तक उघडलं होतं मी. आईसमोर तुझी फजिती नको, म्हणून गप्प बसले. होते चूक एखाद्याची. तुला तरी कुठे माहीत होतं?"

इथे थांबता आलं असतं. पण वहिनीला आता मोकळंच व्हायचं होतं. "मला माहीत होतं. परीक्षेच्या आधी कळलं होतं."

बारकीचा हात थांबला. "किती आधी?"

"नऊ दिवस."

दाराशी गिऱ्हाईक आलं. बारकीने त्याला बसायला सांगितलं, परत येऊन दुसरी काच बसवली. "आता दिसतंय?"

"दिसतंय."

"मग हाच नंबर. परवा घेऊन जा."

भांडण नाही, अबोला नाही. सणासमारंभाला बारकी पूर्वीसारखी येत राहिली, वाढायलाही उभी राहायची. फक्त दर शनिवारी तिची मुलगी गणिताची वही घेऊन यायची, ती त्या आठवड्यात आली नाही. पुढच्याही नाही. शेवटी वहिनीनेच फोन केला.

"मामी, मला क्लास लावलाय," भाची म्हणाली. "आई म्हणते, तुला उगाच त्रास कशाला?"

"त्रास कसला त्यात?" वहिनी म्हणाली. मग "नीट अभ्यास कर हं" असं सांगून तिने फोन ठेवला आणि शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या. पहिल्याच वहीत एका पोराने उत्तर बरोबर काढलं होतं, पण भलत्याच पद्धतीने. तिने लाल पेन बाजूला ठेवलं आणि त्याची पद्धत ओळीओळीने पडताळायला घेतली.