माझ्या बाजूचा ब्रेक

गाडी वर्षभरात चौथ्यांदा गॅरेजात गेली आणि आमच्या घरात दोन तट पडले. हे, लेक आणि जावई एका बाजूला: मोडीत काढा ते धूड. दुसऱ्या बाजूला मी एकटी. गंमत म्हणजे पाच वर्षांपूर्वी ही गाडी दारात आली, तेव्हा सगळ्यात जास्त आदळआपट मीच केली होती.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती ती. स्कूल बंद पडलं आणि ह्यांनी ती उचलून आणली. ह्यांचा सिद्धांत असा की शिकाऊ लोक गाडी पळवतच नाहीत, म्हणजे इंजिन नवंकोरं असणार. "आणि क्लच?" मी विचारलं. क्लचचं उत्तर महिन्याभरातच मिळालं. शिवाय तिला एक जादा ब्रेक होता, शेजारी बसणाऱ्या मास्तरच्या पायापाशी. आमचा मेकॅनिक तो काढून टाकणार होता, पण हे म्हणाले, "राहू दे रे. हिला पाय ठेवायला होईल." दोघं खो खो हसले होते. हसा म्हटलं.

ह्या मेकॅनिकचं खरं नाव कुणी घेत नाही. सगळे त्याला 'बघूया' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तेच. तर ह्या खेपेला बघूया चक्क बघूया म्हणाला नाही. म्हणाला, "काका, ब्रेकचं तेल गळतंय ते मी थांबवतो. पण काकूंच्या बाजूचा ब्रेक काढावा लागेल. त्याचा दांडा गंजलाय आणि खालचा पत्रा पार कुजलाय. तेवढं काढलं की अजून दोन वर्षं मरण नाही हिला."

"नाहीतर जावयाच्या मित्राची गाडी आहेच," हे म्हणाले. "चांगली आहे. बघून आलोय मी."

म्हणजे दुरुस्त करा नाहीतर विका, माझा ब्रेक जाणारच होता. आणि सोमवारपासून लेकीची सकाळची पाळी सुरू होणार होती. नातीला, आमच्या भिंगरीला, शाळेत सोडायचं काम आजोबांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

मी बोलले, "काढायचा नाही तो ब्रेक. दुरुस्त करा."

हे हसले. बघूया हसला. संध्याकाळी फोनवर लेकही हसली. "आई, तुझा पाय मशीनवरून उतरला की ब्रेकवर चढतो."

हा आमच्या घरातला जुना विनोद. मी चाळीस वर्षं शिवणकाम करते, पाय सारखा मशीनच्या पायटीवर. म्हणून गाडीतही माझा पाय शिवशिवतो, मी भित्री आहे, रस्त्यात कुत्रं दिसलं की ब्रेक दाबते, असं सगळ्यांचं मत. लग्नकार्यात, पाहुण्यांत हे साग्रसंगीत सांगायचे, माझी नक्कल करून. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे. आतून मात्र असा संताप यायचा की कात्री फेकून मारावी.

कारण खरी गोष्ट वेगळी होती. ह्यांना डावीकडचं दिसत नाही.

समोरचं लख्ख दिसतं. लांबच्या पाटीवरचं बारीक अक्षरही वाचतील. पण माझ्या बाजूने कुणी येत असलं, तर तो माणूस पार नाकासमोर येईपर्यंत ह्यांच्यासाठी तो नसतोच. पहिल्यांदा एक सायकलवाला आला होता. मला वाटलं हे थांबतील. थांबले नाहीत. पाय माझाच गेला, दाणकन. सायकलवाला शिव्या देत गेला आणि हे माझ्यावर उखडले, "काय झालं? मध्येच कशाला दाबलास?" त्यांनी तो बघितलाच नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "सवय हो. चुकून दाबला गेला."

तिथेच चुकले मी. एकदा खोटं बोललं की त्याला अस्तर लावत बसावं लागतं.

तुम्ही म्हणाल, सांगायचं ना सरळ. सांगते का सांगितलं नाही ते. आमच्या ह्यांनी जन्मभर जमिनी मोजल्या. नुसतं बघून सांगायचे, ह्या खांबापासून ते झाड एकशे दहा पावलं. मोजावं तर एकशे दहाच. नजर हीच ह्यांची इस्टेट. निवृत्त झाले आणि सात महिने खुर्चीत बसून राहिले. दाढी नाही, पेपर नाही, कुणाशी शब्द नाही. मी शिवत असायचे आणि हे सुई वरखाली होताना बघत बसायचे. मग ही गाडी आली, आणि माणूस उठला. हिला बँकेत सोड, त्याला दवाखान्यात ने, सगळ्या गल्लीचे सारथी झाले. त्या माणसाला मी म्हणू, की उतरा आता? जीभ रेटेना माझी. डोळे तपासायला नेलं होतं एकदा गोडीगुलाबीने. चष्म्याच्या दुकानात समोरचा तक्ता धडाधडा वाचला ह्यांनी, अगदी खालच्या ओळीपर्यंत. "बघ," म्हणाले, "गरुडाचे डोळे आहेत." गरुडच तो, पण एका पंखाचा.

मग मी ह्यांची सावली झाले. हे न्हाव्याकडे निघाले की मला सुई आणायची असायची. मित्राकडे निघाले की मला वारा खायचा असायचा. दीड वर्ष मी त्या गाडीत डोळ्याला डोळा न लावता बसले. घरी आल्यावर पोटरी अशी ठणकायची की काम सुचायचं नाही.

तर आता जागेवर बसवेना. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा झगा अर्धा टाकून मी बसने निघाले. तीन ड्रायव्हिंग स्कूल पालथी घातली. दोन ठिकाणी मला वेड्यात काढलं. तिसरीकडे एक तरुण मास्तरीण होती. म्हणाली, "आजी, शिकायचंय की शिकवायचंय?"

"त्यातलं काही नाही. तुमच्या जुन्या गाडीचा जादा ब्रेक असेल तर हवाय."

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"शेजारी बसणाऱ्याला ब्रेक लागतोय," ती म्हणाली, "म्हणजे चालवणाऱ्याने शिकायला यायला हवं. नाहीतर थांबायला हवं." मला अशी चीड आली. कालची पोर, मला शिकवते! पण तिने मागच्या खोलीतून एक गंजका दांडा आणि ब्रेक आणून दिला, आणि मी तो पिशवीत घालून पळाले.

गॅरेजात पोचले तर हे आधीच तिथे. गाडी वर चढवलेली, आणि बघूया बॅटरीचा उजेड पाडून ह्यांना काहीतरी दाखवत होता. मी पिशवीतून ब्रेक काढून त्याच्या पुढ्यात धरला. "घे. बसव."

"काकू, बसवू कशावर?" तो म्हणाला. "पत्राच नाही राहिला. हे बघा ना." त्याने माझ्या बाजूची चटई उचलली. खाली हाताएवढं भोक, आणि भोकातून गॅरेजची जमीन दिसत होती. मग त्याने गाडीतून काढलेले दोन्ही ब्रेक शेजारी शेजारी ठेवले. "आणि ही गंमत बघा काका. तुमच्या ब्रेकचं रबर अजून धड आहे. काकूंचं बघा, गुळगुळीत! गाडी तुम्ही चालवता की काकू?"

हे हसले. "अरे, भित्री आहे ती. तुला सांगतो, परवा कुत्रं आडवं आलं तर..."

आणि ह्यांनी पाय आपटून माझी नक्कल केली.

माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. "कुत्रं?" मी म्हणाले. "कुत्रं नव्हतं ते! बाई होती, बाबागाडी घेऊन! माझ्या बाजूने आली, तुम्हाला दिसली नाही. तुम्हाला माझ्या बाजूचं काही दिसत नाही. दीड वर्ष झालं. मी दाबते म्हणून गाडी थांबते. भित्री म्हणे!"

बघूयाने बॅटरी बंद केली. "मी जरा चहा सांगून..." तो पुटपुटला.

"थांब," हे म्हणाले. आवाज अगदी शांत होता. मला वाटलं होतं ओरडतील. "खडू आहे का रे?"

पत्र्यावर खुणा करायचा खडू होता. तो घेऊन हे गॅरेजच्या मधोमध गेले. पायाशी एक फुली मारली आणि तिच्यावर उभे राहिले, समोरच्या भिंतीतल्या एका खिळ्यावर नजर लावून. "आता ते लाल नरसाळं घे. माझ्या उजव्या खांद्यामागून निघ आणि गोल फिरत हळूहळू पुढे ये. मी दिसलं म्हणालो की थांब, आणि पायाशी खूण कर."

बघूया निघाला. दोन पावलं टाकली नाहीत तोच हे म्हणाले, "दिसलं." खूण झाली.

"आता डावीकडून."

बघूया डाव्या खांद्यामागून निघाला. एक पाऊल, दोन, चार. हे खिळ्याकडे बघत होते. बघूया कानाशी आला, गालाशी आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटत होतं की ओरडून सांगावं, अहो, आहे तो तिथे, म्हणा ना दिसलं. मी पदर तोंडात कोंबला. तो जवळजवळ खिळ्याच्या रेषेत आला, तेव्हा कुठे हे म्हणाले, "दिसलं."

"पुन्हा," हे म्हणाले. मोजणी एकदा करून सोडायची नाही, ही ह्यांची शिस्त. तीनदा केली. तिन्ही खुणा एका पावलाच्या आत पडल्या.

मग हे खाली वाकले. गुडघ्यावर बसून फुलीपासून दोन्हीकडच्या खुणांपर्यंत रेघा ओढल्या, सरळ, पट्टी न लावता. उजवीकडे भलामोठा पसारा, डावीकडे एक चिंचोळी फट. उरलेल्या जागेवर हे कितीतरी वेळ हात ठेवून बसले होते.

"एवढा तुकडा गेला," म्हणाले. हात झटकून उठले आणि बघूयाला म्हणाले, "गाडी दुरुस्त करू नकोस. दुसरीही नको आता. जावयाला मी सांगतो."

मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, संपलं एकदाचं. आता रडतील, चिडतील, चार दिवस अबोला धरतील, मी सोसेन. आणि मनात थोडा ताठाही होता. दीड वर्ष मी ह्या माणसाला सांभाळलं होतं, लोकांचं हसू झेललं होतं, ते आता कळेल ह्यांना.

घरी आम्ही पायीच निघालो. अर्ध्या रस्त्यात हे थांबले. "तुझी कंबर धरली होती," म्हणाले, "शाळा सुरू झाल्या झाल्या. तू चार दिवस अंथरुणाला खिळली होतीस."

"हो."

"तेव्हा लेक गावाला गेलेली. भिंगरीला शाळेतून मी आणत होतो. गाडीतून. एकटा."

ते चार दिवस मी विसरले नव्हते. ते तुमच्यापासूनही लपवलेच की मी आत्तापर्यंत. त्या चारही दुपारी मी खिडकीकडे तोंड करून पडले होते, आणि गाडीचा आवाज आला की देवाचे आभार मानत होते. फोन उचलून जावयाला 'पोरीला तू आण' एवढं म्हणायला काय झालं होतं? पण त्याने विचारलं असतं, का? आणि मग ह्यांना कळलं असतं.

"तुला माहीत होतं," हे म्हणाले. प्रश्न नव्हताच तो.

"काही झालं नाही ना हो. सुखरूप आली."

"तुला माहीत होतं, आणि तू पोरीला माझ्याबरोबर पाठवलंस." ते माझ्याकडे वळले. पूर्ण वळावं लागलं, कारण मी डावीकडे होते. "मला वाईट वाटू नये म्हणून?"

त्या माणसाच्या तोंडावर राग असता तर बरं झालं असतं. तिथे भीती होती. ते चार दिवस ते आता चालवत होते, एकेक चौक, एकेक वळण.

घरी आल्यावर ह्यांनी चपलाही काढल्या नाहीत. सरळ लेकीला फोन लावला. "सोमवारपासून भिंगरीला मी नेणार नाही. मला डावीकडचं दिसत नाही. नाही, नाही, चष्म्याचं नाही. मोजून बघितलं. मला आजच कळलं." थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आईला दीड वर्षापासून माहीत होतं."

त्यात चहाडी नव्हती की आरोप नव्हता. जमिनीचा तुकडा असेल तेवढाच सांगावा, तसं सांगितलं त्यांनी. मग फोन माझ्यापुढे धरला. "तुला मागतेय."

मी फोन घेतला. मागे भिंगरीचा कसलातरी दंगा ऐकू येत होता.

"आई," लेक म्हणाली, "तेव्हा ती मागे बसायची का पुढे?"

"पुढे," मी म्हणाले. "माझ्या जागेवर."