दोन वाट्या मेथीचा काढा

"नाक दाब नि पी," बस्त्याव म्हणाला. रात्रभर भिजवलेली मेथी पाणी निम्मं होईपर्यंत उकळून त्याने सुती फडक्यातून गाळली होती. एक वाटी त्याने मुलीपुढे सरकवली आणि दुसरी स्वतःकडे ओढली.

"तू कशाला पितोस, बा?" मार्थाने विचारलं.

"माझ्या गुडघ्याला बरा आसते. आनि कडू कोन येकटा पितं?"

मार्था गोराईजवळच्या डोंगरीला बापाकडे बाळंतपणाला आली होती. लढाईचे दिवस, नवरा जहाजावर. बाळ अजून महिन्याचं झालं नव्हतं आणि तिचं दूध त्याला पुरत नव्हतं. गाईचं पचेना, डब्यातलं मिळेना. तिची आई ती पाळण्यात असतानाच गेलेली. त्यामुळे बाळंतिणीला काय द्यायचं, काय नाही, हे बस्त्याव गावातल्या बायकांना विचारून आला होता.

शेजारची कतरिन वास घेतच आत आली. "काय रं बस्त्याव, तुझ्या घामालापन मेथीचा वास येते! येक दिस तुलाच पान्हा फुटंल बघ."

"फुटूं दे. नातवाला दोन ठिकानी व्हईल."

मार्थाला हसताना ठसका लागला. "बा, मी पुस्तकात बघितलं. मेथीनं दूध येतंच, असं खात्रीनं कुणी लिहिलेलं नाही."

"लिवनाऱ्याला पोर झालाय का कवा?"

वाट्या उचलताना तो नेहमीचंच बोलला, "तुझी आय आसती तं सगला निगुतीनं केला आसता. मी आपला जमंल तसा करते." तिच्या वेण्या घालतानाही तो हेच म्हणायचा. चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनचा झगा शिवताना तर फारच. टाके अगदी जाळं विणल्यासारखे पडले होते. अशा वेळी मार्था खाली बघून गप्प बसायची. आजही बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालता घालता बस्त्याव खाली बसला, तो पुन्हा उठला नाही.

दुपारी त्याला लग्नातल्या कोटात निजवलं, उशाशी मेणबत्त्या लावल्या. येईल ती बाई मार्थाच्या कानाशी वाकून सांगे, "रडूं नको गो, दूध आटंल." मार्था रडली नाही. तरी दूध आटलं. बाळ चोखायचं, सोडायचं, किंचाळायचं. त्याच्या रडण्यात प्रार्थना ऐकू येईना. कतरिनने घाईघाईने मेथी उकळून आणली, वर गूळही घातला. मार्थाने ती सगळी प्यायली. काही उपयोग झाला नाही. गोराईला कुणी ओली बाळंतीण होती, बाळाला तिच्याकडे न्यावं असं ठरलं. कतरिनने दुपटं उचललं.

"थोडं थांब, मावशी," मार्था म्हणाली.

बाळाला घेऊन ती बापाच्या अगदी जवळ जाऊन बसली. मेणाच्या वासाखालून त्याच्या अंगाचा मेथीचा वास आला, अजून तसाच. मग तिला आवरलं नाही. कुणीतरी "गो, नको, नको" म्हणत पुढे आलं, पण कतरिनने हात आडवा केला. मार्था मोठ्याने, लहान पोरीसारखी रडत होती, आणि मांडीवरचं बाळ गप्प झालं होतं. घटाघटा गिळत होतं. चोळी ओली झाली, तरी तिने पदर सावरला नाही.

सगळ्यांच्या देखत, त्याच्याच बोलीत ती म्हणाली, "बा, मना आय न्हाय, आसा कवाच वाटला न्हाय रं. येकदापन न्हाय."