एका काडीवर दोन पाइप

पेंटरने उभ्या आयुष्यात ‘धूम्रपान करू नये’ अशा किती पाट्या रंगवल्या असतील, देव जाणे. दवाखाने, वाचनालयं, बसचा डेपो, जिथे जाल तिथे त्याचाच हात. आणि रंगवताना तोंडात पाइप! लोक हसायचे. “हसा लेको,” तो म्हणायचा, “पाटी तुमच्यासाठी आहे, पाइप माझ्यासाठी.”

पण मनापासून, हौसेने, त्याने एकच पाटी रंगवली. डोंगरावर तळ्याकाठी एक छोटं लॉज होतं, त्याच्या व्हरांड्यासाठी. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं: ‘पाइप ओढणाऱ्यांनो, या, बसा.’ मात्रा अशा वर वळवल्या होत्या की धूर निघतोय असं वाटावं. लॉजच्या मालकीणबाईंचे वडील पाइप ओढायचे. ते गेल्यावर बाईंना तो वास घरात असला की बरं वाटायचं. पाटी लागली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिथे पेंटर जायचा तो डॉक्टरबरोबर. डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, एकटा जीव आणि तितकाच पाइपवेडा. दरवर्षी दोघं मिळून प्रवासाला निघायचे आणि अट एकच, जिथे पाइप चालतो तिथेच मुक्काम. बंदरावरचं हॉटेल, कारण मागे अंगण होतं. पुलाजवळचं रेस्टॉरंट, कारण गच्चीवर कोणी हटकत नसे. आणि शेवटी तळ्याकाठचा व्हरांडा. फोन करून चौकशी करायचं काम डॉक्टरचं, कारण पेंटरला फोनवर धड ऐकू यायचं नाही. आणि दोघांचा एक रिवाज होता: एका काडीवर दोन पाइप. काडी पेंटरने ओढायची, आधी आपला पाइप पेटवायचा, मग डॉक्टरने पुढे वाकायचं. वारा असो, काही असो, दुसरी काडी काढायची नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर तोंड पाडून घरी आला.

“पेंटर, बंदरावरचं हॉटेल गेलं.”

“गेलं म्हणजे? बुडालं?”

“पाइप बंद केला त्यांनी. नवे नियम.”

मग पुलाजवळची गच्ची गेली. आणि एका रविवारी डॉक्टर हळूच म्हणाला, “तळ्याकाठचंही गेलं रे. तुझी पाटी उतरवून माळ्यावर टाकलीय म्हणे.”

पेंटरने तोंडातला पाइप काढला. “बाईंनी? आपल्या बाईंनी?”

“त्या तरी काय करणार? जग बदललं, बाबा.”

झालं. तेव्हापासून पेंटर इमारतीच्या मागच्या जिन्यात पायरीवर बसून ओढायचा आणि बाईंच्या नावाने बोटं मोडायचा. डॉक्टर मात्र देवमाणूस. दर रविवारी यायचा, शेजारी पायरीवर बसायचा, जगाच्या नावाने दोन उसासे टाकायचा. सुट्टीत आता तो बहिणीकडे जायचा. जाताना घराची किल्ली पेंटरकडे ठेवायचा, कारण बाल्कनीभर कुंड्या होत्या. पेंटर जिवापाड जपायचा त्या. एकेका पानावरची धूळ पुसायचा.

यंदा असंच कुंड्यांना पाणी घालताना त्याच्या डोक्यात किडा वळवळला. पाटी माळ्यावर पडलीय ना? मग आपणच आणू! इथे या बाल्कनीत लावू. डॉक्टर बहिणीकडून परत येईल आणि बघेल तर काय, ‘या, बसा.’ जगाने दारं लावली तर लावोत, आपल्या दोघांना एक जागा तरी राहील.

“बाबा, एवढ्या लांब एका फळकुटासाठी?” सुनेने विचारलं.

“फळकूट म्हणू नकोस,” पेंटर गुरगुरला. पिशवीत पाटी गुंडाळायला जुनी चादर टाकली आणि पहाटेची बस धरली.

सगळा रस्ता तो बाईंना काय काय सुनवायचं ते घोकत होता. ‘वडिलांची तरी आठवण ठेवायची होती, बाई.’ हे वाक्य त्याला फार आवडलं होतं. फाटक उघडलं, मान वर केली, आणि ते वाक्य तो विसरलाच.

पाटी जागच्या जागी होती. नुसती होती असं नाही, तिच्यावर नवं वार्निश होतं, आणि पाऊस लागू नये म्हणून वर पत्र्याचं छोटंसं छप्परसुद्धा ठोकलं होतं.

“अगंबाई! पेंटरदादा!” मालकीणबाई ओल्या हाताने धावत आल्या. “बरे झालात तुम्ही? छातीचं दुखणं गेलं?”

“कुणाच्या छातीचं?”

“तुमच्या! डॉक्टर म्हणाले ना, धुराचा वाससुद्धा चालत नाही तुम्हाला, इथलं कोणी नाव काढलं तरी त्रास होतो. म्हणून तर मी इतके दिवस फोन केला नाही.”

पेंटरला वाटलं, आपल्याला फोनवरच नाही, समोरासमोरही ऐकू येईनासं झालं. “डॉक्टर कधी म्हणाले?”

“दरवर्षी येतात की! आताही आहेत, व्हरांड्यात.” बाईंचा चेहरा बदलत गेला. “तुम्हाला... माहीत नव्हतं?”

या बाईला आपण दोन वर्षं शिव्या घातल्या, आणि हिने आपल्या पाटीवर छप्पर घातलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो व्हरांड्याच्या दाराशी गेला. आत चौघं बसले होते, तीन अनोळखी आणि डॉक्टर. डॉक्टर हसत होता, पोट धरून. एवढा हसताना पेंटरने त्याला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

“इथून बंदरावर जाऊ,” एक जण म्हणाला. “मागचं अंगण अजून आपल्यासारख्यांना मोकळं आहे.”

“आणि पुलाजवळ!” डॉक्टर म्हणाला. “मागच्या वेळी वेटर स्वतःहून राखदाणी घेऊन आला होता.”

म्हणजे सगळं होतं. अंगण होतं, गच्ची होती, व्हरांडा होता. जगाने एकही दार लावलं नव्हतं. केसाने गळा कापला होता तो याने, पायरीवर शेजारी बसून उसासे टाकणाऱ्याने.

डॉक्टरची नजर दाराकडे गेली. हसू मावळलं. आणि तोंडातून पहिलं वाक्य काय निघावं?

“अरे, तू इथे? मग कुंड्यांना पाणी?”

बाकीचे तिघं शहाणे होते. तळं बघायला म्हणून उठून गेले. पेंटर आपल्या जुन्या खुर्चीत बसला.

“का?” त्याने एवढंच विचारलं.

डॉक्टरने बरीच चुळबुळ केली. “रागावू नकोस. खरं सांगू? कंटाळा आला होता रे. तुझा. तेच किस्से, तीच पाटी. बंदरावर गेलो तरी पाटी, पुलावर गेलो तरी कुणाचं तरी अक्षर वाकडं. मला चार नवी माणसं हवी होती. तोंडावर कसं सांगायचं? म्हटलं, नियमांवर ढकललं की तुला लागणार नाही.”

“आणि दर रविवारी यायचास ते?”

“तुला बरं वाटावं म्हणून.”

“बरं वाटायचं,” पेंटर म्हणाला. त्याचा आवाज कापला, आणि तो कापला याचाच त्याला जास्त संताप आला. “कंटाळा आला म्हणाला असतास तर चार दिवस तोंड फुगवून बसलो असतो. फार तर महिनाभर. तू सगळं जगच बंद केलंस माझ्यासाठी. मी जिन्यात बसून ओढत होतो रे, चोरासारखा. आणि वर तुझी झाडं पुसत होतो.”

पेंटरने पाइप काढला, सावकाश भरला, अंगठ्याने दाबला. काडी ओढली. पहिला धूर पाटीकडे गेला. आणि सवयच ती, इतक्या वर्षांची, डॉक्टर आपला पाइप तोंडात धरून पुढे वाकला.

पेंटरने त्याच्याकडे पाहिलं आणि फुंकर मारून काडी विझवली.

डॉक्टर तसाच वाकलेला राहिला. पेंटरने खिशातून त्याच्या घराची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

“काल सकाळी पाणी घातलंय,” तो म्हणाला. “आजचं तुझ्या बहिणीला सांग.”