दानम्माचा हात

दिल्लीत त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली आणि गावोगावच्या बायकांना पंचायतीत खुर्ची मिळाली. नवरे मात्र पक्के बेरकी. बायको निवडून आली की तिच्या खुर्चीवर हेच जाऊन बसायचे. निलंगा तालुक्यातल्या या गावात लिंगायतांची दानम्मा पहिल्यांदा सदस्य झाली तेव्हा पाच वर्षांत तिनं पंचायतीचा उंबरा ओलांडला नाही. तिचे मालक गुरुलिंगप्पा घरी रजिस्टर आणायचे, बोट ठेवतील तिथं ती सही करायची.

दुसऱ्या खेपेला सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं आणि बौद्धवाड्यातली आरती सरपंच झाली. पहिल्याच बैठकीत तिनं सगळ्या नवऱ्यांना बाहेर काढलं.

"काका, सदस्य काकू हायत. तुम्ही न्हाई," ती गुरुलिंगप्पांना तोंडावर म्हणाली.

दानम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरी येताना तिला फार बरंही वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला मोजलं होतं.

नवऱ्यांनी हा अपमान दात-ओठ खात गिळला आणि संधी मिळताच उपसरपंच बजरंगनं आरतीवर अविश्वास ठराव आणला. बाई सरपंचाला काढायला सातांतले सहा हात लागायचे, एक कमी पडला तरी ठराव बारगळणार होता. म्हणून आरती सोडून सगळ्या सदस्यांना गाडीत घालून देवदर्शनाला नेलं, सीमेपलीकडं कर्नाटकात, हुमनाबादला.

"देवाच्या दारी मोबाईल कशाला?" म्हणत बजरंगनं सगळ्यांचे फोन पिशवीत टाकले. जेवण भरपूर होतं, बोलणं गोड होतं, आणि लॉजच्या दाराला बाहेरून कडी होती. बायकांपैकी कुणी त्याबद्दल विचारलं नाही. दानम्मानंही नाही.

निघायच्या सकाळी ठरावाला हात वर करायच्या शपथा झाल्या. बाकीच्यांनी बेल-भंडारा उचलला. दानम्मापाशी येऊन बजरंग हसला.

"वहिनी, तुम्ही गळ्यातलं लिंग हातात घ्या. आमचा भंडारा तुम्हाला कशाला?"

रोज पूजेला ती ज्या तळहातावर इष्टलिंग घ्यायची, त्याच तळहातावर ते घेऊन ती शपथ बोलली. देवाला असं साक्षीला ओढलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. तिला रागही आला, देवाचा नाही, या माणसांचा.

गाडी थेट पंचायतीसमोर थांबली. तहसीलदार येऊन बसले होते. नवरे बाहेर खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले, गुरुलिंगप्पा सगळ्यात पुढं. आरती कोपऱ्यात एकटीच बसली होती. तिनं दानम्माकडं पाहिलं, पण काही मागितलं नाही.

"ठरावाच्या बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करा."

हात वर गेले. दानम्मानं आपला हात मांडीवर दुसऱ्या हाताखाली घट्ट दाबून धरला. शिव शिव, असं ती मनात म्हणत राहिली. तहसीलदारांनी मोजलं, पुन्हा मोजलं.

"बाई, तुमचं काय?"

"न्हाई," दानम्मा म्हणाली. "म्या सदस्य हाय. माजं मत हाय. न्हाई."

ठराव पडला. बौद्धवाड्यातल्या बायका दारात रडायला लागल्या. खिडकीतून मात्र शिवी आली नाही की आरडाओरडा झाला नाही. नवरे गुमान गजांपासून बाजूला झाले. बजरंग उठला, हात जोडले आणि अगदी अदबीनं म्हणाला, "वहिनी, दमला असाल. चला, गाडी हाय. घरी सोडून येतो."

घर समोर दिसत होतं. गल्ली ओलांडली की दानम्माचा कट्टा. एवढ्याशा वाटेला गाडी कशाला, हे पंचायतीपुढच्या प्रत्येक माणसाला कळत होतं. आरती पुढं आली, "काकू, माझ्याकडं चला," म्हणाली. दानम्मानं मान हलवली. आपलं घर सोडून कुठं जायचं?

"म्या पायीच जाते," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

मागं इंजिन सुरू झालं. गाडी पुढं गेली नाही, तिच्या चालीनं हळूहळू मागं येत राहिली. दानम्मा पाय उचलत राहिली. कट्ट्याशी पोचल्यावर तिनं वळून पाहिलं. पुढच्या सीटवर बजरंगशेजारी गुरुलिंगप्पा बसले होते, आणि घराची किल्ली त्यांच्याच खिशात होती.