कोऱ्या कागदावरचा शिक्का

मित्रांनो, ज्याच्या तोंडाला जन्मभर शाई फासलेली, त्याचं बोलणं कोण ऐकणार? तरी आज ऐकाच. मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली गोल रबर, आणि त्या गोलात एका दंत प्रयोगशाळेचं नाव. माझ्या हातून एक फार वाईट गोष्ट घडली आहे. हातून म्हणतो खरा, पण मला हात नाहीत. दुसऱ्याच्या हातानंच मी सगळं केलं, आणि माझं सगळं दुखणं तिथंच आहे.

जिन्याखालच्या एका चिंचोळ्या दुकानात माझा जन्म झाला. शिक्केवाल्यानं रबर कोरलं, मुठीला चिकटवलं आणि रद्दीच्या कागदावर मला दाबून पाहिलं. "झकास उठलाय," तो म्हणाला. माझे मालक तेव्हा तरुण होते. त्यांनी मला रुमालात गुंडाळून खिशात घातलं आणि दिवसभर जो भेटेल त्याला काढून दाखवलं. नव्या धंद्याचं अप्रूप दुसरं काय!

आमच्या प्रयोगशाळेत माणसांचे दात बनत. दंतवैद्य रोग्यांच्या तोंडाचे ठसे पाठवत. त्यात प्लास्टर ओतायचं, जबडा तयार करायचा, त्यावर मेणात दात बसवायचे आणि मग पक्की कवळी करायची. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत. नव्या माणसाला पहिले दोन दिवस त्यांची भीतीच वाटे. मी मात्र ऐटीत असे. पावती असो, पत्र असो, मी उमटल्याशिवाय त्याला किंमत नव्हती. दंतवैद्य कागद हातात घेत, आधी मला बघत आणि मग मान डोलवत. तेव्हा मला वाटे, आपल्यासारखे आपणच.

पण मालकांना एक खोड होती, आणि ती मला पहिल्यापासून खुपत होती. ते सारखे बाहेर असत. मागे कुणाला कागद लागला तर अडायला नको, म्हणून दर शनिवारी ते वीस-पंचवीस कोरे कागद पुढ्यात घेत आणि प्रत्येकाच्या तळाशी मला ठोकून आपली सही करून ठेवत. ठप्प, ठप्प, ठप्प. मग तो गठ्ठा टेबलाच्या वरच्या खणात जाई, आणि त्या खणाला कुलूप नव्हतं. माझ्या वर उद्या काय लिहिलं जाणार, हे मला ठाऊक नसे आणि त्यांनाही नसे. कुणी टोकलं की ते म्हणत, "अरे, घरचीच तर माणसं आहेत!"

सातेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक बाई कामाला आली. पदरी लहान मुलगी, घरी आई, आणि कमावणारी ही एकटी. काम शिकली मात्र अशी, की बघत राहावं. मेणाचा दात कोरताना ती श्वाससुद्धा जपून घेई. एका म्हाताऱ्या शिक्षकांची कवळी तिनं तीनदा मोडून नव्यानं केली, का, तर बोलताना त्यांचा 'स' शिट्टीसारखा वाजत होता. शेवटी ते गृहस्थ स्वतः जिना चढून आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि "समोसा, सरबत, सासूबाई" असं तीनदा म्हणून दाखवलं. काय हसलो आम्ही त्या दिवशी! दंतवैद्य तिला 'मेणवाली' म्हणू लागले. "काम मेणवालीकडेच द्या हं," असा फोनवर निरोप येई. आणि दुसऱ्या कुणाकडे देणार? मालकांची नजर कमी झाली होती. सगळ्या कवळ्या ती एकटीच करत होती.

तिच्या दुसऱ्या वर्षात मालकांचा भाचा आला. बहिणीचा एकुलता एक, बोलायला गोड. चार महिने त्यानं दंतवैद्यांकडे तयार कवळ्यांचे डबे पोचवले आणि कंटाळला. "मामा, दात कोरून पोट भरत नाही," असं म्हणून हसत निघून गेला. पुढे तीनेक वर्षांनी तो एकदा सहज डोकावला. मालक प्लास्टर कालवत होते.

"मामा, परदेशाच्या अर्जाला एक पत्र हवंय. मी करतो टाइप, तुम्ही नका त्रास घेऊ. एक कागद नेतो."

"ने की," मालक म्हणाले. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

खण उघडला, एक कागद गेला. मित्रांनो, त्या क्षणी माझं रबर आक्रसल्यासारखं झालं. काही महिन्यांनी पेढे आले, मालकांच्या बहिणीचा आनंदाचा फोन आला. भाचा परदेशात कुशल कामगार म्हणून गेला होता. कसलं कौशल्य, हे कुणी विचारलं नाही. मालकांनी तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी मेणवालीलाही तिकडच्या एका प्रयोगशाळेनं बोलावलं. कामाचे फोटो पाहून ती मंडळी खूश झाली होती. अट एवढीच, की या कामाचा तीन वर्षांचा सलग, पूर्णवेळ अनुभव कागदावर दाखवायचा. तिच्याकडे सहा वर्षं होती. पण दोन महिन्यांनी तिला पस्तिसावं संपत होतं. तिकडे अर्ज गुणांवर ठरतो आणि वयालाही गुण असतात; त्यानंतर ते कमी झाले असते आणि दार बंद झालं असतं. म्हणजे संधी ही एकच.

मालकांनी तिचं पत्र मनापासून लिहिलं. कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे किती तास, कोणकोणती कामं, सगळं बैजवार. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. एक अक्षर खोटं नव्हतं. मग मालकांना उमाळा आला.

"थांब, अजून एक ओळ टाक. 'या संपूर्ण काळात आमच्याकडे या एकट्याच तंत्रज्ञ होत्या.' तुझी बाजू भक्कम होईल बघ."

"लिहायलाच हवं का, काका?"

"अगं, खरंच आहे की ते! खऱ्याला कसली भीती?"

ओळ लिहिली गेली. मालकांनी मला शाईत बुडवलं आणि दोन्ही हातांनी दाबून उमटवलं. इतका सुबक मी पूर्वी कधी उठलो नव्हतो. ती कागदावर फुंकर घालत होती, आणि मला मात्र तो गेलेला कोरा कागद आठवत होता. त्यावर काय लिहिलं गेलं असेल? ओरडून सांगावंसं वाटलं, पण शिक्क्याचा कधी आवाज निघालाय का?

पाच आठवड्यांनी दुपारी फोन वाजला. मेणवाली एका दंतवैद्याकडे माप घ्यायला गेली होती. मालकांचे हात प्लास्टरनं भरलेले, म्हणून त्यांनी कोपरानं बटण दाबून फोन टेबलावरच बोलता ठेवला. मी शेजारीच पडलो होतो. पलीकडून एका बाईंचा शांत आवाज आला. त्या परदेशच्या अर्ज तपासणाऱ्या कार्यालयातून बोलत होत्या.

"तुमच्या पत्रात लिहिलंय की गेली सहा वर्षं या बाई एकट्याच तंत्रज्ञ होत्या. पण आमच्याकडे तुमचं आणखी एक पत्र आहे. त्याप्रमाणे यातली तीन वर्षं एक गृहस्थ तुमचे मुख्य तंत्रज्ञ होते. दोन्ही पत्रांवर तुमचीच सही, तुमचाच शिक्का. यातलं खरं कुठलं?"

मालकांचा चेहरा प्लास्टरहून पांढरा पडला. त्यांनी काय विचार केला ते मला कळत होतं. खरं बोलावं तर भाच्याचा तिकडचा संसार उठतो. त्याची बायको गरोदर होती. बहीण जन्मात तोंड बघणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दाद मागायची कुणाकडे?

"दोघंही होते," मालक म्हणाले.

"म्हणजे बाईंच्या पत्रातली ओळ खरी नाही?"

मालकांनी प्लास्टरचे हात सदऱ्यालाच पुसले.

"लिहिताना... जरा चूक झाली असेल."

"आभारी आहे," आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी ती परतली. आल्या आल्या, रोजच्यासारखंच, तिनं विचारलं, "काका, तिकडून काही फोन?"

"नाही गं," मालक म्हणाले, आणि जबडा घासायला लागले. गरजेपेक्षा फारच जोरात घासत होते.

मित्रांनो, त्या दिवशी त्यांनी नुसतं सांगितलं असतं तरी वाचलं असतं हो सगळं! दहा दंतवैद्य तिच्या बाजूनं लिहून द्यायला उभे राहिले असते. ते म्हातारे शिक्षकसुद्धा धावत आले असते. पण पुढचे अठरा दिवस ती रोज विचारत राहिली आणि मालक रोज "नाही गं" म्हणत राहिले. ती मुलीला तिकडच्या थंडीबद्दल सांगायची. मुलीसाठी तिनं एक जाड स्वेटर विणायला घेतला होता. दुपारच्या सुट्टीत माझ्याशेजारी बसूनच विणायची. एकेक टाका वाढत होता आणि माझा जीव कासावीस होत होता.

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. तिनं ते उभ्यानं वाचलं, मग स्टुलावर बसून पुन्हा वाचलं. अनुभवाबद्दल खोटी माहिती दिली म्हणून अर्ज फेटाळला होता. पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. खाली लिहिलं होतं की, मालकांनी फोनवर दिलेल्या माहितीच्या आधारे हा निर्णय घेतला आहे.

"तुम्हाला फोन आला होता," ती म्हणाली.

मालक रडायलाच लागले. भाचा, बहीण, येणारं बाळ, सगळं भडाभडा सांगून टाकलं. "रक्ताचं नातं गं, मी काय करणार होतो?"

"आणि मी खोटी ठरले तरी चालणार होतं?"

मालकांनी घाईघाईनं कागद ओढला, मला उचललं. "थांब, मी आत्ता दुसरं पत्र देतो. सगळं स्पष्ट लिहितो. इथं दुसरीकडे कामाला तरी उपयोगी पडेल."

"नको काका," ती म्हणाली. "त्या शिक्क्याचा कागद दाखवला की मी खोटी दिसते."

मी मालकांच्या मुठीत होतो. हे वाक्य मी तिथून ऐकलं. आयुष्यभर ज्या नावाची मी ऐट मिरवली, ते नाव तिला आता सोबत नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पुढे एका दंतवैद्यांकडून कळलं, की गावाच्या दुसऱ्या टोकाला ती एका प्रयोगशाळेत लागली आहे. अनुभवाचं पत्र नाही म्हणून त्यांनी तिला शिकाऊ म्हणून घेतलं. ती प्लास्टर कालवते. तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेली मुलगी तिला मेण कसं धरायचं ते शिकवते, आणि ती गप्प बसून शिकून घेते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या नावाचेही शिक्के होतील, सह्या होतील. एवढं जपा, की कोऱ्या कागदावर आपलं नाव कधी ठेवू नका, मग तो मागणारा कितीही जवळचा असो. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, आणि जे जळतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याचंच असतं. आम्हा शिक्क्यांना डोळे नाहीत. तुम्हाला आहेत, तर माझ्यासारख्याला दाबण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचत जा.

मला एकदाच वाचा मिळाली असती तर मी त्या दुपारी फोनवर चारच शब्द बोललो असतो. बाई, ती एकटीच होती.