जिरेनियमच्या कुंड्यांमागची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला हात नाहीत, नुसती पाठ आणि लव्हाळ्याने विणलेली बैठक. माझ्यावर बसले की माणसाचे बरे होते, असे मी सत्तर वर्षे समजत आले. आज त्या समजुतीची मला लाज वाटते.

फ्रीसलंड नावाच्या उत्तरेकडच्या थंड प्रांतात, एका कालव्याकाठच्या गावात एका सुताराने मला घडवले. माझे पहिले काम बसवण्याचे नव्हतेच. कालवा गोठला की आमच्याकडे लहान मुलांच्या हाती खुर्ची देतात आणि ती ढकलत मुले बर्फावर उभी राहायला शिकतात. पाच वर्षांची आउक्ये मला ढकलत अशी सुसाट निघाली की तिची आई काठावरून हाका मारतच राहिली. पुढे तिने चाळीस वर्षे गाई सांभाळल्या, समोरच्या वाऱ्यात सायकल हाकली. माझ्यावर ती टेकायची ती बूट चढवण्यापुरती. ही बाई मला धड बसण्याचा मान देत नाही, अशी मी तेव्हा मनात कुरकुर करत असे.

मग शहात्तराव्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे ती इस्पितळात पडून होती. फुप्फुसे बरी झाली, पण घरी आल्यावर तिच्या नवऱ्याला, सीत्सेला, तिला उचलूनच माझ्यावर ठेवावे लागले. तिच्या मांड्यांचे मांस कुठे गेले कोण जाणे.

सीत्सेने मला खिडकीत, जिरेनियमच्या कुंड्यांमागे मांडले. आमच्या गावात अमका आता कुंड्यांमागे बसला असे म्हणतात, त्याचा अर्थ एकच, की त्याचे दिवस आता बसूनच जायचे. सीत्सेला हे ठाऊक होते. पण ती पडेल या भीतीने त्याला काही सुचत नव्हते. कॉफी तो हातात आणून द्यायचा, साखरपाव मोडून द्यायचा, पडलेला रुमालही तिला उचलू द्यायचा नाही. स्वतःची सायकल त्याने शेडमध्ये लावून टाकली आणि दिवसभर तो तिच्यासमोर सोफ्यावर बसून राहू लागला.

“तू बस गं. मी आहे ना.”

“बसलेलीच आहे रे. आणखी किती बसू? मुळं फुटतील आता मला.”

ती दर आठवड्याला हलकी होत गेली आणि तिचे उठणे मात्र जड होत गेले. खुर्चीला माणसाला ढकलून उठवता येत नाही. मी नुसती चरफडत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी व्यायाम करून घेणारी रेन्स्के आली. तिने आडपडदा ठेवला नाही. सीत्सेचा खांदा निकामी होता, तो तिला रोज उचलू शकणार नव्हता. ईस्टरपर्यंत आउक्ये कुणाच्या आधाराविना पाच वेळा उठली, तर ती घरी राहील. नाही तर तिची रवानगी वृद्धाश्रमात.

“हात छातीवर धरा, आजी. आता उठा.”

आउक्ये पुढे झुकली, दात आवळले. बोटभरही उचलली गेली नाही.

“माझे पाय कुणी नेले गं?”

“निम्मे पलंगाने नेले. उरलेले ही खुर्ची नेतेय,” रेन्स्के माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाली. “पण वापरले की परत येतात, तुमच्या वयातही. सावकाश उठायचं, आणि त्याहून सावकाश बसायचं. रोज.”

मित्रांनो, ती थाप मला फार लागली.

दुसऱ्या दिवसापासून आउक्ये मोठ्याने आकडे मोजू लागली. सीत्से तिच्या पाठीवर तळवा ठेवून उभा राहायचा. नुसता धीर द्यायला, असे तो म्हणायचा. ती उठायची आणि पोरीसारखी खूश व्हायची. पण तिचे वजन तिच्या पावलांवर कधी येतच नव्हते. ते माझ्या चार पायांना कळत होते, आणि सांगायला मला तोंड नव्हते.

तीन आठवड्यांनी रेन्स्के आली आणि तिने सीत्सेला स्वयंपाकघरात पाठवले. आउक्ये हसत पुढे झुकली. उठलीच नाही. पुन्हा झुकली. सहाव्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आले.

“मीच लोटत होतो तिला,” सीत्से दारातून म्हणाला. “तिचे हाल बघवत नव्हते.”

“मला वाटलं, मी उठतेय,” आउक्ये म्हणाली. “सीत्से, तू मला या कुंड्यांमागे पुरतोयस.”

ईस्टरला तीनच आठवडे उरले होते. रेन्स्केने माझ्या पायांखाली फळकुटांची चळत रचली. मी वीतभर उंच झाले. तेवढ्या उंचीवरून आउक्ये थरथरत, एकटी, एकदा उठली. दर चार दिवसांनी एक फळकूट कमी व्हायचे आणि ती पुन्हा हरायची. “नेऊन टाका मला एकदाचं,” असे ती एका सकाळी म्हणाली. मलाही तेच दिसत होते. पण दुपारी तिने मटारच्या सूपची दुसरी वाटी मागितली आणि पुन्हा मोजायला लागली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी माझ्या मूळ उंचीवर उभी होते. एक. दोन. तीन. चौथ्या वेळी ती अर्ध्यावर अडकली. तिच्या मांड्यांची थरथर माझ्या बैठकीपर्यंत पोचली. सीत्से सोफ्यावर मूठ चावत होता. ती उठली. पाचव्यांदाही उठली. रेन्स्केने कागदावर लिहिले, “घरीच राहतील.”

आउक्ये पुन्हा बसली नाही.

“सीत्से, इकडे ये. बस इथं.”

सोफ्यावर दोन्ही हात रेटत तो उठला आणि माझ्यावर येऊन बसला.

“हात छातीवर धर. आता ऊठ.”

तो हसला आणि पुढे झुकला. हलला नाही. पुन्हा झुकला. मग त्याचे हसू मावळले आणि त्याने तिच्याकडे हात पुढे केला.

आउक्येने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नाही देणार,” ती म्हणाली. “माझा जीव आहे तुझ्यावर.”

मित्रांनो, तो अजून माझ्यावर बसला आहे. तुमच्या घरीही असे कुणी बसले असेल, तर त्याला पाणी नेऊन देऊ नका, त्याच्याबरोबर पाण्यापर्यंत चाला. आणि हे वाचून झाले की तुम्हीही हात न टेकता एकदा उठून पाहा. मी हात जोडले असते, पण मला ते नाहीत.