खोट्या डोळ्यातलं पडळ

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. डोळेवाले महाराज एकेकाच्या डोळ्यात दोन थेंब टाकत, मग गुलाबी लेप भरत आणि जरा वेळाने वाटीसारखं पडळ ओढून काढत. माझ्या ताईच्या दोन्ही डोळ्यांतून निघालं.

"काचबिंदू मुळासकट उपटला. दुखलं का, माई?"

"नाही," ताई म्हणाली. लोकांनी हात जोडले.

"पडळं घरी न्या. सकाळपर्यंत आक्रसली, की रोग मेला समजा. डॉक्टरची औषधं गटारात ओता."

तिने खरंच ओतली. मला संताप यायला हवा होता, पण आतून नुसता बधिर झालो होतो. मी खोटे डोळे बनवतो. काचबिंदूने ताईचा उजवा डोळा खाल्ला, तेव्हा तोही मीच बनवून दिला. आता उरला डावा. त्याच्या जागेचं माप घ्यायची पाळी माझ्यावर येऊ नये, एवढंच माझं मागणं होतं.

तिच्याच टेबलावर मी अल्जिनेटची पावडर पाण्यात कालवली, शेजारी सिलिकॉन मळलं. डोळ्याचा ठसा घ्यायला दोन्ही चालतात. एका नमुन्याच्या डोळ्यावर दोन्हींचे ठसे घेतले आणि महाराजांच्या पडळांशेजारी ठेवून दिले. सकाळी सिलिकॉन जसंच्या तसं होतं. अल्जिनेट आणि पडळं मात्र सारखीच आक्रसली होती.

"पाणी उडालं, ताई. रोग नाही. म्हणून तर मी सिलिकॉन वापरतो. आणि ते थेंब डोळा बधिर करायचे. ठसा घेण्याआधी आम्हीही टाकतो."

"तुला मेल्या सगळंच खोटं वाटतं."

"बरं, मग उजव्यातून काय निघालं?"

"त्यातलीही घाण काढली त्यांनी. केवढी शक्ती बघ."

"प्लॅस्टिकला काचबिंदू होतो का गं?"

तिने उजव्या डोळ्याला बोट लावून पाहिलं. मग चपला घालून म्हणाली, "चल."

महाराजांनी तिला हसून पुढे बोलावलं. तिने भर सभेत उजवा डोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"यातून काय उपटलंत, महाराज?"

"श्रद्धा असेल तर…" महाराज डोळा परत तिच्या हातात कोंबू लागले. रांगेतली एक म्हातारी उठून आपल्या चपला शोधू लागली.

तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. काचबिंदूचे थेंब पुन्हा सुरू झाले. मला आनंद व्हायला हवा होता, तोही झाला नाही.

बाबांनो, डोळ्यातून जे बाहेर काढलं, ते आधी आत कुणी घातलं, एवढं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत औषध ओतू नका.